किमया आणि देवाचा देह



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दिवसभराचा उकाडा जरा ओसरल्यावर माणूस व्याख्यानाला येतो, तो काही चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या किमयागारांच्या भट्ट्यांत डोकावायला नव्हे. त्यातून विषयाच्या दुसऱ्या टोकाला ख्रिस्ती धर्मशास्त्रातला एक अवघड प्रश्न बांधलेला. देवाने देह घेतला म्हणजे नेमके काय घेतले, हा तो प्रश्न. मी स्वतः तो पहिल्यांदा वाचला तेव्हा चिंचपाड्यात कधी बोलेन असे वाटले नव्हते. पण काल गाडीतून उतरल्यावर आणि आज सकाळी गावाबाहेर थोडा फिरल्यावर माझी खात्री झाली की या विषयाला यासारखी दुसरी जागा नाही.

कारण सांगतो. सकाळी एका अंगणात मोहाची फुले वाळत घातलेली पाहिली. ही फुले पुढे आंबवतात, मडक्यात घालतात, खाली जाळ लावतात. वाफ वर चढते, थंड झाली की थेंब थेंब गळू लागते. मी दारूचा पुरस्कार करायला उभा नाही, अध्यक्षांनी चिंता करू नये. पण या क्रियेकडे एकदा नव्या डोळ्यांनी पाहा. मडक्यात चिखलासारखा काळपट लगदा आहे. त्यातून वर उठते ते पाण्यासारखे स्वच्छ आहे, आणि त्याला काडी लावली तर ते पेटते. पाणी आणि अग्नी एका थेंबात! खाली राहतो तो निर्जीव चोथा. पहिल्यांदा ज्याने हे पाहिले असेल त्याला काय वाटले असेल? फुलाचा प्राण निघून वर गेला, असेच ना?

तसेच वाटले. आपण दवाखान्यात सुई टोचण्याआधी कापसावर घेतात त्या द्रवाला 'स्पिरिट' म्हणतो. हा शब्द मूळ लॅटिन, आणि त्याचा अर्थ श्वास, प्राण, आत्मा. ख्रिस्ती लोक ज्याला पवित्र आत्मा म्हणतात त्यालाही लॅटिनमध्ये हाच शब्द आहे. आपला 'अर्क' अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ घाम. आणि 'किमया' हा तर सरळ अरबांचा शब्द, तोच युरोपात जाऊन 'अल्केमी' झाला. एका बाजूला घाम, दुसऱ्या बाजूला आत्मा, आणि मध्ये एक मडके. आजचे माझे सगळे व्याख्यान त्या मडक्याभोवती फिरणार आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. अवताराची कल्पना आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. देव संकटात धावून येतो, रूप घेतो, कार्य संपले की ते रूप टाकतो. मत्स्य झाला, कूर्म झाला, वराह झाला. पुढे ते देह राहिले नाहीत, आणि कुणी त्यांची चौकशीही केली नाही. ख्रिस्ती मताचे तसे नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे देवाने एकदाच देह घेतला आणि तो कधीच टाकला नाही. इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोन येथे धर्मसभा भरली. तिने ठरवले की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. दोन्ही स्वभाव एका व्यक्तीत, मिसळलेले नाहीत आणि वेगळेही नाहीत. शुभवर्तमानांतली पुनरुत्थानाची कथा पाहा. थडग्यातून उठलेला ख्रिस्त बंद दारांतून आत येतो, म्हणजे त्याचा देह आपल्यासारखा जड राहिलेला नाही. पण तो शिष्यांसमोर मासा खातो, आणि संशयी थोमाला जखमा दाखवतो. देह तोच, जखमांसकट. आणि तरी बदललेला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला आठवते. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, असे आपण तुकारामबीजेला म्हणतो. 'सदेह' या शब्दावर वारकरी हट्टाने जोर देतो. नुसता आत्मा गेला म्हटले तर त्याचे समाधान होत नाही. आत्मे काय, सगळ्यांचेच जातात. विठोबाच्या पायी झिजलेला, इंद्रायणीकाठी उपाशी बसलेला तो देह गेला पाहिजे. म्हणजे देहाचे काही मोल आहे की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की युरोपातल्या काही लोकांनी त्याचे उत्तर भट्टीवर शोधले.

जड पदार्थ तोच राहून बदलतो कसा, हे रोज पाहणारा माणूस म्हणजे धातू वितळवणारा. किमयागारांची मूळ समजूत अरब रसायनज्ञांकडून आली, जाबिर इब्न हय्यानच्या नावावर असलेल्या ग्रंथांतून. सगळे धातू पारा आणि गंधक यांच्या संयोगाने पृथ्वीच्या पोटात तयार होतात, आणि सोने हा त्यांचा पूर्ण पिकलेला प्रकार. लोखंड, शिसे, तांबे हे आजारी किंवा अर्धे कच्चे सोने! मग वैद्याने आजाऱ्याला बरे करावे तसे धातूला बरे का करू नये? अरबीतून लॅटिनमध्ये ही विद्या बाराव्या शतकात उतरली. चेस्टरच्या रॉबर्टने असा एक ग्रंथ ११४४ मध्ये भाषांतरित केला.

हे पुष्कळसे आपल्या रसशास्त्रासारखे वाटते आणि आहेही. आमच्या वैद्यांच्या रसशाळेत आजही चालणारी एक कृती सांगतो. शुद्ध केलेला पारा आणि गंधक खलात घालून घोटायचे. तासन् तास घोटल्यावर पाऱ्याची चकाकी मरते आणि काजळासारखी काळी पूड होते. तिला कज्जली म्हणतात. ती काचकुपीत भरायची, कुपीला मातीत बुडवलेल्या कापडाचे थर द्यायचे, वाळूने भरलेल्या भांड्यात ती पुरायची, आणि खालून जाळ देत राहायचे. कुपी गार झाल्यावर फोडली की गळ्याशी जमलेला रससिंदूर मिळतो, लालभडक. पारा मेला, काळा झाला आणि लाल होऊन वर चढून बसला. आमचे ग्रंथकार अगदी हीच भाषा वापरतात. पाऱ्याला ते मूर्च्छित म्हणतात, मृत म्हणतात, बद्ध म्हणतात. युरोपातले किमयागार काळी, पांढरी आणि लाल अशा तीन अवस्था सांगत आणि काळ्या अवस्थेला मृत्यू म्हणत.

इतकेच नव्हे. चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त रसेश्वरदर्शन नावाचे एक स्वतंत्र प्रकरण घातले आहे. त्यातला युक्तिवाद मोठा रोखठोक आहे. बाकीची दर्शने देह पडल्यावर मोक्ष मिळेल म्हणतात. तो कुणी पाहिला? मोक्ष असेल तर जिवंतपणी अनुभवता आला पाहिजे, आणि त्यासाठी देह टिकाऊ हवा. पारा हा हराचा, अभ्रक गौरीचे. त्या दोघांपासून झालेला देह नासत नाही. 'रसार्णवा'सारखे तंत्रग्रंथ सांगतात की आधी धातूवर प्रयोग कर आणि तिथे साधला तर देहावर कर. पारा पोटात घेणे हे भलतेच धोक्याचे काम, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कुणी घरी करून पाहू नये. पण विचाराची दिशा लक्षात घ्या. देह हा केवळ टाकून द्यायचा कचरा नाही, तो पिकवता येतो.

आमच्या संतांनी मात्र परिसाला हात लावला तो निराळ्या रीतीने. महिपतीच्या 'भक्तविजया'त परिसा भागवताची गोष्ट आहे. रुक्मिणीने त्याला परीस दिला. त्याच्या बायकोने तो नामदेवांच्या राजाईला दाखवला, आणि नामदेवांनी तो उचलून चंद्रभागेत टाकला. परिसा भागवत रागावून आला, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दिले आणि ते सगळेच परीस निघाले! कीर्तनकार यावर आणखी एक गोष्ट जोडतात. परीस लोखंडाचे सोने करतो, पण लोखंडाला परीस करीत नाही. सद्गुरू शिष्याला आपणासारखा करतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे ते जर्मन वेषात भेटणार आहे.

आता युरोपात जाऊ. इटलीतल्या फेरारा गावचा पेत्रुस बोनुस नावाचा वैद्य १३३० च्या सुमारास किमयेवर ग्रंथ लिहितो. तो म्हणतो की प्राचीन तत्त्वज्ञांना, बायबल हाती नसतानाही, आपल्या विद्येवरूनच देव मनुष्य होणार हे कळले होते. परिसाच्या जन्मात त्यांनी कुमारीचा प्रसव पाहिला, त्याच्या मरणात आणि पुन्हा जिवंत होण्यात पुनरुत्थान पाहिले. विलक्षणच विधान! कारण एरवी चर्च म्हणे की देहधारण हे गूढ फक्त प्रकटीकरणाने कळते. आणि हा वैद्य म्हणतो की भट्टीपाशी बसून कळते. पुढच्या शतकाच्या आरंभी, १४१० ते १४१९ च्या दरम्यान, जर्मन भाषेत 'पवित्र त्रैक्याचे पुस्तक' म्हणून एक सचित्र ग्रंथ झाला, त्यात ख्रिस्ताच्या यातना म्हणजेच धातूचे शोधन. १५५० मध्ये फ्रँकफुर्टला छापलेल्या 'रोझारियम'च्या शेवटच्या चित्रात परीस तयार झालेला दाखवायचा, तर चित्रकाराने चक्क थडग्यातून उठणारा ख्रिस्त काढला आहे. एका हंगेरियन लेखकाने तर किमयेची सगळी कृती मिस्साच्या विधीच्या साच्यात बसवली.

याकडे चर्चचे लक्ष गेले नाही असे नाही. पण १३१७ मध्ये पोप बाविसाव्या जॉनने किमयागारांविरुद्ध फर्मान काढले ते धर्मबाह्य मतासाठी नव्हे, खोट्या सोन्याच्या फसवणुकीसाठी! उलट मार्टिन ल्यूथर जेवणाच्या पंक्तीतल्या गप्पांत किमयेचे कौतुक करतो. अग्नी जसा सार आणि मळ वेगळे करतो, सार वर नेतो, मळ खाली ठेवतो, तसे न्यायाच्या दिवशी होईल, हे रूपक त्याला फार आवडे. इथवर सगळा मामला रूपकाचा होता. रूपकाने कुणाचे बिघडत नाही.

बिघडले ते पुढच्या पायरीवर, आणि ती पायरी चढणारा माणूस माझा आवडता आहे. पॅरासेल्सस. जन्म १४९३, मृत्यू १५४१. वडील वैद्य, पोरवय खाणींच्या मुलखात गेले. खाणकामगारांच्या फुफ्फुसांच्या रोगावर त्याने जे लिहिले ते १५६७ मध्ये छापले गेले आणि धंद्यापासून होणाऱ्या रोगांवरचे ते पहिल्या काही ग्रंथांपैकी एक आहे. १५२७ मध्ये बाझलला तो लॅटिन सोडून लोकांच्या जर्मन भाषेत शिकवू लागला, आणि त्याच वर्षी सेंट जॉनच्या होळीत अविसेनाचा वैद्यकग्रंथ त्याने जाळला. भाषेच्या बाबतीत ज्ञानेश्वरांचा भाऊ शोभावा. ग्रंथ जाळण्याच्या बाबतीत मात्र नव्हे. त्याचे मुख्य म्हणणे असे की किमयेचे काम सोने करणे नाही, औषध करणे आहे. पोटात अन्नाचे रक्त होते तीही किमयाच. आपल्या जठरात एक किमयागार बसलेला आहे.

या वैद्याने देहाकडे पाहिले आणि त्याला दोन देह दिसले. एक आदमपासून आलेला, मातीचा, जो मातीत जातो. या देहातले काहीच स्वर्गात जाणार नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. दुसरा देह ख्रिस्तापासून मिळतो. बाप्तिस्म्याने त्याचा जन्म होतो आणि प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाने तो पोसला जातो. हा दुसराही देहच आहे बरे का, रक्तमांसाचाच. पण त्याचे मांस स्वर्गीय. प्राण काढून घेतल्यावर चोथा टाकायचा, हे भट्टीचे गणित त्याने पूर्ण केले.

पण गणित पूर्ण करताना एक अडचण उभी राहिली. ख्रिस्ताचे मांस स्वर्गीय, तर ते त्याला मिळाले कोठून? मरियेकडून मिळाले म्हणावे तर ती आदमची लेक. पॅरासेल्ससने तारुण्यात यावर तोड काढली ती अशी की मरियाच मुळी मातीची नव्हती. त्याच काळात कातडी कमावणारा मेल्खिओर होफमान नावाचा उपदेशक सांगत फिरत होता की नळीतून पाणी जावे तसा ख्रिस्त मरियेतून आला, तिचे काहीच त्याला लागले नाही. श्वेंकफेल्ड हा तिसरा. त्याने ख्रिस्ताच्या मानवी देहाला निर्माण केलेली वस्तू म्हणायलाच नकार दिला. होफमान आणि श्वेंकफेल्ड हे किमयागार नव्हते हे मी मुद्दाम सांगतो. हा विचार भट्टीशिवायही सुचत होता. भट्टीने त्याला कृती पुरवली. होफमानला १५३३ मध्ये स्ट्रासबर्गला तुरुंगात टाकले आणि तो तिथेच काही वर्षांनी मेला.

आपण म्हणाल, अशा बारीक तर्कासाठी माणसाला तुरुंगात कुजवायचे? तुरुंगाचे समर्थन मी करणार नाही. पण प्रश्न बारीक नाही. नळी आणि पाणी यांचा विचार करा. आईपासून मुलाने काहीच घेतले नाही असे म्हटले तर आईचे नऊ महिने कुठे गेले? आणि देवाने आपल्यासारखा देह घेतलाच नसेल, तर आपल्या देहाचे काय? या भागातल्या कितीतरी घरांत सिकलसेलचा आजार आहे. आईबापांच्या रक्तातून तो पोराला मिळतो. पोराचे हातपाय दुखतात आणि आईला रात्र रात्र जागावे लागते. त्या आईला जाऊन सांगा की तुझे मूल तुझ्यापासून काही न घेता आले. रक्ताने रक्ताला जोडलेला, आजार वाहून आणणारा जो हा देह, तो देवाने घेतला की त्याला वळसा घालून दुसराच घेतला? जुन्या धर्मसभांनी 'हाच घेतला' असे सांगितले होते. पॅरासेल्सस स्वतः गरिबांच्या जखमा धूत फिरला, आणि तरी धर्मविचारात त्याने त्या जखमी देहाला चोथा ठरवले. मला ही त्याच्या आयुष्यातली मोठी विसंगती वाटते.

खूनराट नावाच्या आणखी एका जर्मन वैद्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचा ग्रंथ १५९५ मध्ये आणि वाढवून १६०९ मध्ये निघाला. त्यातले एक चित्र फार प्रसिद्ध आहे. मोठे दालन, एका बाजूला तंबूसारखा देव्हारा, त्यापुढे किमयागार गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे, दुसऱ्या बाजूला भट्टी आणि चंबू, मध्ये मेजावर वाद्ये. खूनराट म्हणे, ख्रिस्त हा मानवाचा तारक आणि परीस हा सृष्टीचा तारक. दगडधातूंनाही तारक हवा, ही कल्पना मला हृद्य वाटते. पण चर्चच्या दृष्टीने पाहा. दोन तारक झाले, आणि त्यातला एक माणसाने भट्टीवर तयार करायचा!

आता आपला खरा नायक. याकोब ब्योमे, जन्म १५७५. गर्लित्स गावचा चांभार. मेंढपाळ पोरापासून जोडे शिवण्यापर्यंत आला, शाळा थोडीच. १६०० साली एके दिवशी त्याची नजर कथलाच्या भांड्यावर पडली. भांड्यावर उजेड चमकत होता, आणि त्या चमकेत त्याला सृष्टीचा गाभा दिसला, असे त्याचा चरित्रकार सांगतो. लक्षात घ्या, सोन्याचे भांडे नव्हे, घरातले कथलाचे. बारा वर्षे त्याने ते मनात ठेवले आणि १६१२ मध्ये 'अरोरा', म्हणजे 'उषा', हा ग्रंथ लिहिला. गावच्या धर्मगुरूने व्यासपीठावरून त्याच्यावर तोफ डागली, नगरसभेने हस्तलिखित जप्त केले, आणि चांभाराने आपल्या चामड्यापाशी राहावे असे त्याला बजावण्यात आले. आपल्याकडे रोहिदासांची, चोखोबांची परंपरा माहीत असणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. काही वर्षे तो गप्प राहिला, मग पुन्हा लिहू लागला, १६२४ मध्ये मरेपर्यंत.

ब्योमेने स्वतः भट्टी पेटवली नव्हती. त्याच्या परिसरातल्या पॅरासेल्ससपंथी वैद्यांकडून तो ही भाषा शिकला. पण तिचा उपयोग त्याने केला तो त्या वैद्यांपेक्षा शहाणपणाने. १६२० मध्ये त्याने ख्रिस्ताच्या मनुष्य होण्यावर ग्रंथ लिहिला, १६२२ मध्ये 'वस्तूंच्या खुणां'वर. या दुसऱ्या ग्रंथात परीस करण्याची कृती आणि ख्रिस्ताचे जीवन शेजारी शेजारी ठेवून तो पायरीपायरीने दोन्ही सांगतो. त्याचा आवडता शब्द 'टिंक्चर'. आपण दवाखान्यात 'टिंक्चर आयोडीन' म्हणतो तोच हा. मूळ अर्थ रंग देणारे, भिनणारे. ब्योमे म्हणतो, देवाचे टिंक्चर मरियेच्या खऱ्या मांसात भिनले. मांस आपलेच होते, आदमचे, मरणारे. ते टाकले गेले नाही, ते आतून रंगले. खडबडीत दगडात सोने असावे आणि सोन्याने दगडालाच पालटावे, तसे. वायगेल नावाच्या आधीच्या लेखकाने ख्रिस्ताचे मांस आपल्यातले नाही असे सुचवले होते. ब्योमेने एका पत्रात त्याची चूक दाखवली. आपल्यातले नसेल तर आपल्याला त्याचा उपयोग काय, असा त्याचा चांभारी रोखठोक सवाल.

म्हणजे मडके एकच, पण त्याच्याकडे पाहण्याच्या रीती दोन. पॅरासेल्ससने ऊर्ध्वपातन पाहिले, सार वर आणि चोथा खाली. ब्योमेने रंगवणे पाहिले. रंग बाहेरून येतो, पण कापड तेच राहते. आणि या रंगलेल्या माणसाने दुसऱ्याला रंगवायचे, टिंक्चराने टिंक्चर वाढवायचे. परिसाने लोखंडालाच परीस करायचे ते आमच्या कीर्तनातले वाक्य आठवले ना?

मी इथे एका सनावर थांबतो. १६१६. त्या वर्षी स्ट्रासबर्गला 'रसायनिक विवाह' नावाचे एक निनावी पुस्तक छापले. लेखक आंद्रेए नावाचा तरुण ल्यूथरपंथी पाळक. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी एका म्हाताऱ्याला राजविवाहाचे आमंत्रण येते; सात दिवसांत तो पाहतो की राजेराण्यांची डोकी उडवली जातात आणि किमयेच्या कृतींनी त्यांचे देह पुन्हा घडवून जिवंत केले जातात. पुढे आंद्रेएनेच त्याला पोरखेळ म्हटले. आणि त्याच १६१६ मध्ये गोव्यात साष्टीतल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. मराठीत, ओवीत, रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्या.

स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशायरमधला. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. साष्टीतली देवळे पाडली गेली होती, लोकांच्या पोथ्यापुराणांवर बंदी होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना ऐकायला काही हवे होते. ही हिंसा झाकून त्या ग्रंथाचे कौतुक करणे मला जमत नाही, आणि हिंसेमुळे ग्रंथ नाकारणेही जमत नाही. स्टीफन्सपुढे प्रश्न तोच होता जो ब्योमेपुढे होता. देव देहात आला हे श्रोत्याला कसे सांगावे? त्याचा श्रोता अवतारांच्या कथांवर वाढलेला. स्टीफन्सच्या पुराणाचा कणा बायबल आहे, किमया नव्हे. भट्टीच्या भाषेची त्याला गरज पडली नाही, कारण त्याच्यापुढे ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी तयार होती. तिच्यात त्याने बेथलेहेमची कथा ओतली. गर्लित्सच्या चांभाराला कथील मिळाले, रायतूरच्या पाद्र्याला मराठी. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. 'क्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांतली एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापले, आणि देवनागरीत पुण्याहून बंडेलूंची आवृत्ती १९५६ मध्ये निघाली.

विसाव्या शतकात कार्ल युंगने किमया आणि ख्रिस्त यांची ही जोडी पुन्हा लोकांपुढे आणली. १९४४ च्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले की किमयागार भट्टीत स्वतःचेच अंतर्मन पाहत होते. यात तथ्य आहे, पण मला ते अपुरे वाटते. अलीकडे लॉरेन्स प्रिन्सिपे, विल्यम न्यूमन यांसारख्या इतिहासकारांनी त्यांच्या कोड्यातल्या कृती उलगडून प्रयोगशाळेत करून पाहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या निघाल्या. त्या माणसांची बोटे खरोखर भाजली होती. शिवाय किमया केली की ख्रिस्तात परीस दिसतोच असेही नाही. न्यूटनने किमयेवर दहा लाखांवर शब्द लिहून ठेवले, आणि तो ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा देव मानायला तयार नव्हता!

शेवटी एका म्हाताऱ्या पाळकाची गोष्ट सांगून थांबतो. एटिंगर, जन्म १७०२, मृत्यू १७८२, जर्मनीतल्या व्युर्टेंबेर्गचा. ब्योमेचा मोठा भक्त आणि स्वतः भट्टी पेटवणारा. त्याचे एक मत प्रसिद्ध आहे. देवाच्या सगळ्या कामांची अखेर देहात होते, देह सुटण्यात नव्हे. त्याच्या या व्युर्टेंबेर्गातूनच पुढे बाझल मिशनचे कितीतरी लोक आपल्या दक्षिणेला आले. त्यांनी मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि ती मंगळुरी कौले पुढे घाटावर सगळीकडे पसरली. एटिंगरचा विचार त्या कौलांत आहे असे मी म्हणणार नाही; तेवढी किमया मला येत नाही.

पण त्याचा एक प्रयोग सांगतो. मेलिसा नावाची एक वनस्पती आहे, पुदिन्याच्या कुळातली, लिंबासारख्या वासाची. एटिंगरने तिची पाने बारीक चिरली, पात्रात घातली, आणि अर्क काढला. वर तरंगणाऱ्या तेलाकडे पाहतो तो काय, त्या तेलात त्याला मेलिसाच्या पानांचे आकार दिसले, शिरांसकट. चिरले, उकळले, वाफ केली, तरी पानाने आपला आकार सोडला नाही! देह नष्ट होतो पण त्याची घडण टिकते, याचा त्याला पुरावा मिळाला. आजचा रसायनशास्त्रज्ञ हा पुरावा मान्य करणार नाही. तेलाचा तवंग पाण्यावर पसरताना नाना आकार घेतो. एटिंगरने मात्र तो आयुष्यभर जपला.

वेळ बरीच झाली.  कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर मी थोडा वेळ इथेच आहे. गाडी उद्या सकाळची आहे.